रुसवा काढणारं सोल गाणं: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

सोल संगीतात पहिलं गाणं करू पाहणाऱ्यांना मी एकच विषय सुचवतो: दोघांचं भांडण आणि त्याचा समेट. हा विषय या संगीताच्या हाडामांसातच आहे. सोल आलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून. तिथं गाणारा चूक कबूल करतो, क्षमा मागतो आणि समोरच्या मंडळींकडून त्याला उत्तर मिळतं. 1954 साली गायक-पियानोवादक रे चार्ल्सनं चर्चमधल्या गाण्याचा तोच साचा घेतला आणि देवाच्या जागी प्रेयसी आणली. अनेक भाविकांना ते रुचलं नाही, पण त्यातून एक अख्खी गायनपरंपरा उभी राहिली. म्हणजे कबुली, विनवणी आणि उत्तर हे तिन्ही टप्पे तुम्हाला तयार मिळतात. तुम्ही फक्त खरं भांडण आणायचं.

पुढच्या पायऱ्या मराठीत गाणं करणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत. हाताशी पेटी किंवा साधा कीबोर्ड, रेकॉर्डिंग करणारा फोन आणि बँडलॅब किंवा गॅरेजबँडसारखं एखादं ॲप असलं की सुरुवात होते. सोबत एक नमुन्याचं गाणंही बांधत जाऊ, म्हणजे नुसता उपदेश होणार नाही.

पायरी 1: आधी तीन गाणी कान देऊन ऐका

पहिलं, लॅटिमोरचं ‘लेट्स स्ट्रेटन इट आउट’. 1974 सालचं, मायामीच्या परिसरातल्या टीके कंपनीच्या ग्लेड्स या लेबलवर निघालेलं. गाणं त्यानंच लिहिलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या सोल यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात बराच वेळ नुसती वाद्यं वाजतात, मग तो तोंड उघडतो. घरात काहीतरी बिनसलंय, ती सांगत नाही आणि तू सांगितल्याशिवाय मला कळणार कसं, एवढंच तो म्हणतो. दुसरं, ऑटिस रेडिंगचं 1966 सालचं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’. ते कुजबुजीतून सुरू होऊन हाताबाहेर गेलेल्या आर्जवापर्यंत कसं चढतं ते पाहा. तिसरं, अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’. नोव्हेंबर 1971 मध्ये बाजारात आलं, फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिलं आलं. यात आवाज जवळजवळ कधीच चढत नाही.

तिन्ही गाणी आधी शब्दांसाठी ऐका, मग शब्द सोडून फक्त ड्रमसाठी, मग फक्त बाससाठी, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारसाठी. बास ऐकायला हेडफोन लावाच. फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसाच होतो आणि नवख्या माणसाचा समज होतो की ही गाणी आवाजावर चालतात. ती चालतात बास आणि ड्रमवर.

पायरी 2: भांडणातला नेमका क्षण पकडा

इथं घाई करू नका. पहिल्या मसुद्यात बहुतेक जण अख्खी कहाणी सांगतात: भेटलो, प्रेमात पडलो, भांडलो, रडलो, पुन्हा एक झालो. त्यात समेट होऊन गेलेला असतो आणि ऐकणाऱ्याला त्याची फक्त बातमी मिळते. सोल गाण्यात समेट आपल्यासमोर व्हावा लागतो. गाणं सुरू होताना ती अजून बोलत नाहीये, आणि ती बोलेल की नाही हे गाणाऱ्याला माहीत नाही. तेवढी अनिश्चितता ठेवली नाही, तर उत्तम वादकही गाणं वाचवू शकत नाहीत.

म्हणून एक क्षण निवडा. ओरडाआरडा संपलाय, अबोला सुरू आहे आणि दोघांपैकी एकाला पुढाकार घ्यायचा आहे. मग कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. दोघं आत्ता घरात कुठं आहेत? भांडण कशावरून झालं? आणि गाणाऱ्याची त्यातली चूक कोणती? तिसऱ्या उत्तराला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘माझं काहीतरी चुकलं असेल तर’ अशी माफी घरात चालत नाही, गाण्यातही चालत नाही.

नमुन्याच्या गाण्यासाठी मी घेतलेली उत्तरं: ती आतल्या खोलीत आहे, तो बाहेर. भांडण मित्रांच्या बैठकीवरून परत आल्यावर झालं. त्याची चूक ही, की चारचौघांत तिची थट्टा झाली तेव्हा तोही हसला.

पायरी 3: शब्द

मराठीत प्रेमगीत लिहायला बसलं की भावगीताची भाषा आपसूक पेनात उतरते. सखे, साजणी, चांदणं, मोगरा. ती भाषा सुंदर आहे, मलाही प्रिय आहे, पण या गाण्यात ती दूर ठेवा. सोलमधला माणूस घरात बोलतो तसंच गातो. हाक मारायची तर ‘अगं’ म्हणा, ‘ऐक ना’ म्हणा. हिंदी-इंग्रजी गाण्यांतलं ‘बेबी’ही नको. आपल्या घरात तसं कोणी कोणाला म्हणत नाही आणि कानाला ते लगेच कळतं.

पहिलं कडवं असं:

दार लोटलंस तू, पण कडी नाही घातली
एवढ्याच आशेवर मी उंबऱ्यात थांबलो
ताटं तशीच राहिली, भाजी निवून गेली
तू नाही जेवलीस, मीही नाही जेवलो

यात ‘मला दुःख झालं’ कुठेच नाही. कडी आहे, ताटं आहेत, निवलेली भाजी आहे. न घातलेली कडी हा पहिल्या ओळीचा प्राण आहे, कारण समेटाची शक्यता तिथं उघडी राहते. तुमच्या गाण्यात अशी एक वस्तू शोधा. ती सापडेपर्यंत चाल बांधायला घेऊ नका.

दुसऱ्या कडव्यात वेळ पुढं सरकली पाहिजे. तेच दुःख वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं, की ऐकणारा तिथंच गळतो.

पहाटे नळाला पाणी आलं, दोघंही उठलो
तू बादली लावलीस, मी कळशी धरली
हाताला हात लागला, बाजूला झालो
पाणी भरून झालं, गोष्ट मात्र उरली

आता मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ. ती लहान हवी आणि शेवट उघड्या स्वरावर हवा. हे मराठीत जरा अवघड जातं. आपले पुष्कळ शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात: राग, बोल, माफ कर. ‘कर’मधला र तुम्ही चार मात्रा ताणू शकत नाही. ताणलात तर शेवटी एक खोटा अ ऐकू येतो. आ, ओ, ए या स्वरांवर गळा मोकळा होतो. म्हणून ‘माफ कर’पेक्षा ‘मी चुकलो’ गायला सोपं, आणि ‘गप्प नको राहू’पेक्षा ‘बोल ना’ कितीतरी मोकळं. आमचा मुखडा:

बोल ना, रागावून बोल ना
ओरड हवं तर, पण बोल ना

ओळ लिहिली की कागद बाजूला ठेवून ती खोलीत फिरत मोठ्यानं म्हणा. जिथं जीभ अडखळते, तिथला शब्द बदला. ‘तुझ्याविना’, ‘हृदयी’ असे शब्द बोलण्यात येत नाहीत, तर गाण्यातही येऊ देऊ नका.

पायरी 4: ताल

रुसवा काढणारी संथ सोल गाणी पुष्कळदा 12/8 मध्ये असतात. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा. आपल्याला हे ओळखीचं आहे, कारण दादऱ्यातही तीन-तीनचेच गट असतात. सहा मात्रांची दोन आवर्तनं म्हणजे 12/8 चा एक बार. मात्र वजन वेगळ्या जागी पडतं. सोलमध्ये स्नेअर ड्रमचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, ठसठशीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर येतो. दादऱ्याच्या हिशेबानं ती प्रत्येक आवर्तनाची चौथी मात्रा, म्हणजे जिथं आपण खाली दाखवतो नेमकी तीच जागा. तबल्यावर वाढलेला हात तिथं हलका होतो आणि सोलचा ड्रमर तिथंच जोर देतो.

सराव असा करा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला 60 वर लावा. प्रत्येक ठोक्यात ‘एक-दोन-तीन’ मोजा. समेवर टाळी न देता फक्त चौथ्या मात्रेवर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या ‘एक’वर, टाळी द्या. सुरुवातीला टाळी सारखी समेकडे ओढली जाईल. जाऊ देऊ नका. अंगात मुरेपर्यंत हाच सराव, बाकी काही नाही.

मग दुसरी गोष्ट, ठोका किंचित उशिरा पडणं. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत 1965 मध्ये गायक विल्सन पिकेटच्या एका रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता जेरी वेक्सलर याने तेव्हा तरुणांत चाललेला ‘जर्क’ नाच करून दाखवला आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर असा जरा मागं रेला, असं वादकांना सांगितलं. ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी ते असं आत्मसात केलं, की तीच स्टॅक्सची ओळख झाली. लय ढळत नाही, फक्त स्नेअरचा ठोका पापणी लवण्याइतका मागं राहतो. ॲपमध्ये ड्रम वाजवत असाल, तर स्नेअर 10 ते 20 मिलिसेकंद मागं सरकवून ऐका. आमच्या गाण्यात याला अर्थही आहे. ज्याला माफी मागायची आहे तो घाईत पावलं टाकत नाही.

पायरी 5: कॉर्ड

पांढरी एक म्हणजे सी हा सा धरू. तुमची पट्टी वेगळी असेल, तर सगळंच तेवढं सरकवा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर. कडव्यासाठी चार कॉर्ड पुरे: सी मेजर (सा-ग-प), ए मायनर (ध-सा-ग), डी मायनर (रे-म-ध), जी सेव्हन्थ (प-नी-रे-म). प्रत्येकी एक बार, असे दोन फेरे. कडव्याच्या चार ओळी या आठ बारमध्ये बसतात, म्हणजे ओळीला दोन बार. मुखड्याला एफ, जी सेव्हन्थ, सी, सी. आणखी कॉर्ड घालायचा मोह होईल. आवरा. या संगीतात श्रीमंती कॉर्डच्या संख्येत नसते, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना आतला कोणता सूर हलतो त्यात असते.

हे नीट दाखवायला मधला तुकडा घेऊ. त्याला ब्रिज म्हणतात. दोन कडवी आणि दोन मुखडे झाले की येतो, आणि आमच्या गाण्यात कबुली इथं आहे.

चारचौघांत तुला हसलो
तुझा चेहरा उतरला, तरी हसत राहिलो
मी चुकलो

ब्रिज आठ बारचा. पहिले दोन बार एफ मेजर, पुढचे दोन सी मेजर. चौथ्या बारच्या शेवटी सी मध्ये कोमल नी मिसळा, त्यानं कान पुन्हा एफकडे झुकतो. पाचव्या बारला एफ मेजर: म, ध, सा. इथं ‘मी चुकलो’ सुरू होतं आणि ‘लो’ वरच्या सा वर जाऊन थांबतो. गाणाऱ्यानं सा धरून ठेवायचा, हलायचं नाही. सहाव्या बारला त्याच्या खाली एफ मेजरचा एफ मायनर होतो. म तोच, सा तोच, फक्त ध उतरून कोमल होतो. सातव्या बारला सी मेजर येतो आणि तो कोमल ध अर्धा सूर आणखी उतरून पंचमावर विसावतो. गळ्यातला सूर ढिम्म, आणि आत मात्र काहीतरी विरघळत खाली आलेलं. शब्दांनी ‘मन भरून आलं’ म्हणायची गरजच उरत नाही. पेटीवर हे तीन कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवून पाहा: म-ध-सा, म-कोमल ध-सा, मग सा-ग-प. हा उतार चर्चसंगीतात आणि सोलमध्ये फार जुना आहे. पण तो कडव्यात, मुखड्यात सगळीकडे शिंपडलात तर त्याची किंमत जाते. अख्ख्या गाण्यात एकदाच, कबुलीच्या जागी.

सातव्या-आठव्या बारमध्ये शब्द नाहीत. कबुली दिल्यावर गप्प बसायला शिका. आठव्याला जी सेव्हन्थ, आणि पुन्हा मुखडा.

पायरी 6: वाद्यं

सगळी बांधणी आता मोजू. सुरुवातीला 4 बार वाद्यं, कडवं 8, मुखडा 4, दुसरं कडवं 8, मुखडा 4, ब्रिज 8, मुखडा 4 आणि शेवटची आळवणी 8. एकूण 48 बार. मिनिटाला 60 ठोके, म्हणजे एक बार 4 सेकंदांचा. गाणं 3 मिनिटं 12 सेकंदांत संपतं. ‘लेट्स स्टे टुगेदर’ही याच आसपासचं आहे.

वाद्यं एकेक करून आत आणा. पहिल्या कडव्यात बास, इलेक्ट्रिक पियानो आणि ड्रमची कड, म्हणजे स्नेअरच्या कातड्याऐवजी काठावर काडी. ऑटिस रेडिंगच्या गाण्यात अल जॅक्सननं काठावरच्या त्या टिकटिकीवर केवढा ताण उभा केलाय तो ऐकाच. मुखड्यात पूर्ण स्नेअर. दुसऱ्या कडव्यात गिटार, पण सलग झोडपणी नको. क्रॉपरची गिटार ऐका. ओळ संपल्यावर दोन-तीन सूर, मग शांतता. ऑर्गन ब्रिजपर्यंत राखून ठेवा. त्या कोमल धैवताचा उतार ऑर्गनवर जसा लागतो तसा दुसऱ्या कशावर लागत नाही. आपल्याकडे पेटी असेल तर पेटीही चालेल. भाता हळू ठेवा.

ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणारी माणसं हाताशी असतील तर भाग्य. मेम्फिस हॉर्न्सचे वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह मुख्यतः दोघंच, पण ते गायकाच्या ओळीवर कधी चढत नसत. ओळ संपली की उत्तर देत. माणसं नसतील तर ॲपमधले नकली हॉर्न्स वगळाच. संथ गाण्यात ते फार उघडे पडतात.

बाससाठी एवढंच सांगेन: प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर कॉर्डचा मूळ सूर ठाम, बाकी कमी. डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणारा जेम्स जेमरसन पुढं जाऊन बासवर अख्खी कथा सांगायचा. त्याच्याकडे नंतर वळा.

पायरी 7: गायन

मेम्फिसमधला रॉयल स्टुडिओ हे पूर्वीचं चित्रपटगृह. प्रेक्षकांच्या खुर्च्यांसाठीचा जमिनीचा उतार तसाच राहिलेला. तिथं निर्माता विली मिचेलनं अल ग्रीनला हळू गायला लावलं. ग्रीनला जोरकस, मर्दानी गायचं होतं. मिचेलला हवा होता पातळ, मऊ, जवळचा आवाज. ग्रीन कुरकुरला, तरी मिचेल हटला नाही. शेवटी जे रेकॉर्ड झालं त्यात माणूस कानाशी बोलतोय असं वाटतं, आणि ‘लेट्स स्टे टुगेदर’मधली ‘राहू दोघं’ ही विनवणी म्हणूनच पटते.

नवख्या गायकाचा कल याच्या उलट असतो. सोल म्हणजे घसा फोडून गाणं, अशी समजूत स्पर्धांच्या कार्यक्रमांनी करून दिली आहे. आमच्या गाण्यात तर दाराच्या पलीकडे एक माणूस आहे. तिला ऐकू जाईल एवढाच आवाज हवा, शेजाऱ्यांना नव्हे. माइकपासून एक वीत अंतर ठेवा, खोलीत गोधड्या-चादरी टांगा आणि पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं गा. फोनवर रेकॉर्ड करत असाल, तर फोन तोंडासमोर न धरता जरा बाजूला ठेवा. ‘प’ आणि ‘भ’चे फटके कमी येतात.

शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत शिकलेल्यांसाठी वेगळी सूचना. तुमचा गळा तयार आहे, हरकत घेता येते, म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला घेऊ नका. चर्चच्या गायकांकडेही हरकती भरपूर असतात, पण चांगला गायक आधी शब्द पोचू देतो आणि मग स्वर वळवतो. ‘बोल ना’मधला ‘बोल’ सरळ, हरकत असेल ती ‘ना’वर, आणि तीही तिसऱ्या मुखड्याच्या आधी नको. तान तर नकोच. मींड मात्र मनसोक्त वापरा. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये एक जागा आहे. पेटीवर ती सापडत नाही, गळ्यात सापडते. ब्लूजमधून आलेला तो सूर आहे. कोमल गंधारावरून शुद्धाकडे हळूहळू सरका आणि पोचायच्या जरा आधीच थांबा. ‘रागावून’मधला ‘गा’ तिथं ठेवून पाहा.

पायरी 8: मागचे आवाज

इथं गाण्याचा निकाल लागतो, आणि याच जागी सगळ्यात कमी विचार केला जातो. मागच्या आवाजांचं काम चर्चमधून आलंय. पुढचा हाक देतो, बाकीचे ओ देतात. पोवाड्यातला झीलकरी किंवा कीर्तनातले टाळकरी माहीत असणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. पण प्रेमाच्या भांडणात आधी ठरवावं लागतं, की हे आवाज आहेत तरी कोणाचे? गाणाऱ्याच्या मनाचे? त्याला बळ देणाऱ्या मित्रांचे? की तिचे? ठरवलं नाही तर ते नुसते शोभेला ‘ऊ-आ’ करत राहतात.

आमच्या गाण्यात एकच बाईचा आवाज आहे, आणि तो तिचा आहे. म्हणून पहिल्या कडव्यात आणि पहिल्या मुखड्यात तो मुळीच नाही. अबोला म्हणजे अबोला. दुसऱ्या कडव्यात ‘हाताला हात लागला’ या ओळीनंतर, ओठ मिटून, एक लांब ‘हं’. शब्द नाही. ब्रिजच्या सातव्या-आठव्या बारमध्ये, जिथं तो गप्प आहे, तिथं पुन्हा तसाच ‘हं’, थोडा वरच्या सुरात. तिसऱ्या मुखड्यात तो ‘बोल ना’ म्हणतो तेव्हा ती त्याच्या खालच्या सुरात आवाज मिसळते, अजूनही शब्दाविना.

मग शेवटची आळवणी. सोल गाणी शेवटी कॉर्डच्या एकाच फेऱ्यावर फिरत राहतात, गायक सुचेल तसं आर्जव करतो. हीही चर्चची देणगी. आठ बार एफ आणि सी एकाआड एक. तो दर बारला ‘बोल ना’ वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणतो. इथं मोकळं सोडा, लिहून काढू नका, चार-पाच वेळा रेकॉर्ड करा आणि त्यातली एकसलग चांगली घ्या, तुकडे जोडू नका. सहाव्या बारला वाद्यं थांबतात, नुसता बास राहतो, आणि ती पहिल्यांदा शब्द उच्चारते:

जेवलास का?

आपल्याकडे घरातला राग बहुतेक असाच संपतो. ‘माफ केलं’ असं कोणी म्हणत नाही. हा प्रश्न गाऊ नका, बोला. त्यात नाटकीपणा आला की पुन्हा रेकॉर्ड करा. त्यावर त्यानं उत्तर द्यायचं नाही. उरलेले दोन बार ड्रम पुन्हा आत येतात, ऑर्गन येतो आणि आपण आवाज हळूहळू कमी करत नेतो. त्या काळच्या पुष्कळ रेकॉर्ड अशाच विरत संपतात, आणि या विषयाला ते फार शोभतं, कारण बोलणं तर आत्ता कुठं सुरू झालंय.

पायरी 9: मिक्स आणि पारख

आवाज सगळ्यात पुढं, त्याच्या लगेच मागं बास आणि स्नेअर. रिव्हर्ब कमीत कमी. मोठ्या सभागृहाचा घुमारा लावलात, तर आतली खोली आणि उंबरा दोन्ही हरवतात. आवाजाचे सूर यंत्रानं सरळ करू नका. तसं केलंत तर गंधाराची ती मधली जागा सगळ्यात आधी जाते.

झालेलं गाणं अशा माणसाला ऐकवा ज्याला सोल म्हणजे काय ते ठाऊक नाही. ‘कसं वाटलं’ विचारू नका. ‘भांडण कशावरून झालं होतं?’ आणि ‘शेवटी मिटलं का?’ हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर आलं नाही तर ब्रिजचे शब्द किंवा उच्चार अस्पष्ट आहेत. दुसऱ्याला ‘मिटलं असावं’ असं काहीसं उत्तर आलं, तर गाणं जमलं. ‘हो, पहिल्यापासूनच माहीत होतं’ असं आलं तर पायरी 2 वर परत जा.

पायरी 10: नावं लिहून ठेवा

गाणं लोकांपुढं ठेवण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मित्रामित्रांत हे अवघड वाटतं, तरी घ्या. ‘लेट्स स्टे टुगेदर’च्या श्रेयात तीन नावं आहेत: अल ग्रीन, विली मिचेल आणि अल जॅक्सन ज्युनियर. म्हणजे एका ड्रमरचं नाव गीतलेखनात आहे. तुमच्या गाण्यातही तो कोमल धैवताचा उतार पेटीवाल्याला सुचला असेल, किंवा ‘जेवलास का’ हे गाणारीनं सुचवलं असेल, तर त्यांची नावं घाला. भारतात गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था आयपीआरएस, 1969 पासूनची, मुंबईत आहे. सभासद होऊन तिथं गाण्याची नोंद करता येते, आणि कोणाचा किती वाटा हेही त्या नोंदीत द्यावं लागतं. म्हणून हा कागद रेकॉर्डिंगच्याच दिवशी, सगळे एकत्र असताना करून टाका.